बेअरिंग न काढता शाफ्टवर दोन तुकड्यांची पुली कशी बसवावी? नुसत्या बोल्टच्या पकडीवर टिकेल का?

टिकते, पण हबच्या (पुलीचा मधला, शाफ्टवर बसणारा भाग) दोन तुकड्यांमध्ये फट राहिली तरच. बोल्ट पूर्ण आवळल्यावर तुकडे एकमेकांना टेकले, तर सगळा दाब तिथेच जिरतो आणि शाफ्टवर पकड येत नाही. म्हणून मध्ये १–१.५ मिमी शिम (पातळ पत्र्याची पट्टी) घालून, बोल्ट आवळून, बोअर (हबचे भोक) शाफ्टच्या मापाचा करायचा. मग शिम काढून टाकायची. बरेच टर्नर (लेथवर काम करणारे) ही पायरी गाळतात आणि मग दोष बोल्टला देतात.

हबचे बोल्ट शाफ्टला जितके चिकटून तितके चांगले. ही पकड किती टॉर्क (फिरवण्याचा जोर) पेलेल याचा ढोबळ हिशेब: १.५७ × घर्षणांक × बोल्टांचा एकूण ताण × शाफ्टचा व्यास. ५० मिमी शाफ्ट, एम१२ चे (१२ मिमी) चार बोल्ट, प्रत्येकी २० किलोन्यूटन, घर्षणांक ०.१५ धरला तर सुमारे ९४० न्यूटन-मीटर येतात. यातला निम्माच वापरा. शाफ्टला तेल असेल तर तोही भरवशाचा नाही. धक्क्याचा लोड असेल तर चावी (शाफ्ट आणि हबच्या खाचेत बसणारा लोखंडी तुकडा) हवीच.

रिमचे (पुलीची बाहेरची कड) बोल्ट वेगळे आणि रिमच्या अगदी जवळ. बॅलन्सिंग तुकडे जोडून करा, जोडीवर खुणा ठोका.