डाएट सुरू केल्यापासून खाण्यातला आनंद का जातो?

वजन कमी करण्यासाठी डाएट सुरू केल्यापासून गोड किंवा तळलेले काही खाल्ले की दिवसभर मन खात राहते, आणि एवढा जीव मारूनही वजन मात्र जागचे हलत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. मी आहारतज्ज्ञ नाही. मात्र या विषयावरचे संशोधन आवडीने वाचतो आणि ठाण्यात, आजूबाजूच्या घरांतही, हेच पाहतो. माझे स्पष्ट मत असे की, अपराधी वाटल्याने खाणे कमी होत नाही, त्याची चव तेवढी कमी होते.

आमच्या नौपाड्यातल्या घरी गणपतीत एक नातेवाईक येतात. पानात वाफाळता मोदक वाढला, त्याची कळी मोडून वर तूप सोडायला घेतले की त्या हात आडवा धरतात, ‘अर्धाच द्या, आणि तूप अजिबात नको’ म्हणतात, आणि तो अर्धा मोदकही उद्या किती चालावे लागेल हे बोलत बोलत संपवतात. रात्री सगळे निजल्यावर त्याच बाई ओट्यापाशी उभ्या राहून डब्यातले, थंड होऊन पारी कडक झालेले दोन-तीन मोदक भराभर खातात. म्हणजे गरम असताना, माणसांत बसून खाण्याचे सुख गेले ते गेलेच, आणि पोटात गेले ते जास्तच.

यात त्यांचा मनोनिग्रह कमी पडतो असे मला वाटत नाही. हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी १९७५ साली केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक पाजून नंतर चव पाहण्याच्या निमित्ताने हवे तेवढे आइस्क्रीम खाऊ दिले. ज्या एरवी खाण्यावर बंधन घालत नव्हत्या, त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्ले. ज्या सतत स्वतःला आवरत होत्या, त्यांनी उलट जास्त खाल्ले. आज नियम मोडलाच आहे, तर आता काय उरले, हा तो विचार. आणि सोमवारपासून पुन्हा कडक सुरुवात करायची असली की रविवारी हात अधिकच सैल सुटतो.

मनाचा परिणाम पोटापर्यंत कसा पोहोचतो, हे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आलिया क्रम यांच्या प्रयोगात दिसते. ३८० कॅलरींचा एकच मिल्कशेक लोकांना एकदा ६२० कॅलरींचा चैनीचा म्हणून आणि एकदा १४० कॅलरींचा ‘हेल्दी’ म्हणून दिला, तेव्हा चैनीचा समजून प्यायल्यावर भूक चाळवणारे घ्रेलिन हे संप्रेरक बरेच अधिक उतरले. आपण काटकसरीचेच काहीतरी खातो आहोत, या समजुतीने खाल्लेले पुरेसे लागत नाही, ते असे. न्यूझीलंडमधील आणखी एका अभ्यासात, चॉकलेट केक म्हटले की ज्यांना आनंदाऐवजी अपराध आठवत होता, त्यांचे वजन कमी करण्याचे प्रयत्न कमीच यशस्वी ठरले होते.

भोवतालची माणसे यात तेल ओततात, हेही सांगायला हवे. तलावपाळीवर संध्याकाळी चालणाऱ्यांच्या गप्पा ऐकल्या, तर आदल्या दिवशीच्या वडापावाचे प्रायश्चित्त किती फेऱ्यांनी फिटेल याचाच हिशेब चाललेला असतो. ‘अगं, तू डाएटवर होतीस ना?’ हे वाक्य तर आपल्याकडे भर पंगतीत, हसत हसत आणि अगदी प्रेमाने टाकले जाते. घरच्यांना हे बोलणे बंद करायला एकदा नीट सांगावे. डाएट चार्टपेक्षा याचा उपयोग जास्त होईल.

मधुमेहासाठी डॉक्टरांनी घातलेले पथ्य मी यात धरत नाही. आमच्या शेजारचे एक मधुमेही आजोबा सणाला भात कमी घेऊन एक मोदक तुपासह, चवीने खातात आणि हात धुऊन उठतात. त्यांचे प्रमाण ठरलेले आहे, पण लाज त्यात कुठेच नाही.

तुम्हीही जे खायचे ते ताटात वाढून, बसून, गरम असताना खा, आणि तेवढा वेळ कॅलरी मोजणारे अ‍ॅप बंद ठेवा. मात्र चोरून भरमसाट खाणे वारंवार होत असेल, किंवा खाल्ल्यानंतर उलटी काढण्यापर्यंत किंवा दिवसदिवस उपाशी राहण्यापर्यंत मजल जात असेल, तर नव्या डाएटच्या मागे न लागता आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.