दुःखी घरी जाताना

मंडळीच्या (चर्चच्या) भेटीगाठींच्या सेवेत तू नवीन आहेस, म्हणून सांगते. ज्या घरात अन्याय झालाय तिथे ‘देवाची इच्छा’ हे शब्द तोंडातून काढू नकोस. बायबलमधल्या दुःखी ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तेवढं त्यांनी बरोबर केलं. बोलायला लागले आणि बिघडलं. तूही आधी बस, ऐक. त्या घरातली बाई देवावर रागावली तर रागावू दे. बायबलमधलं स्तोत्र 13 देवाला जाब विचारणाऱ्या प्रश्नांनीच सुरू होतं.

पण नुसती प्रार्थना करून उठून येऊ नकोस. दिराने जमीन बळकावली असेल तर सातबारा काढून बघ, तिच्यासोबत तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जा. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. हे आपल्या मंडळ्यांत फार थोड्यांना ठाऊक असतं. पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या मुलींना केडगावात आसरा दिला आणि 1897 साली, पुण्यात प्लेगच्या दवाखान्यात बायकांचे हाल होतात म्हणून सरकारवर जाहीर टीकाही केली. दोन्ही कामं एकाच विश्वासातली.

क्षमेचा विषय तू काढू नकोस, ती काढेल तेव्हा बोल. आणि तिला विचारल्याशिवाय तिची हकीकत प्रार्थनासभेत सांगू नकोस.