मे महिन्यात गाय कुटार का सोडते? भूक मेंदूत कशी ठरते?

भूक पोटात जाणवते, पण ठरते मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये. तिथे पेशींचे दोन गट एकमेकांविरुद्ध काम करतात. एक गट न्यूरोपेप्टाइड-वाय आणि एजीआरपी ही रसायनं सोडतो, त्याने जनावर खायला धावतं. दुसरा अल्फा-एमएसएच सोडतो, त्याने तोंड थांबतं. चरबीतून येणारं लेप्टिन हे संप्रेरक (शोध १९९४) पहिल्या गटाला दाबतं, दुसऱ्याला जागं करतं. उपाशी पोटातलं घ्रेलिन याच्या उलट.

गाईगुरांत आणखी एक गोष्ट, आणि विदर्भाच्या उन्हात तीच महत्त्वाची: ओटीपोटात (रुमेन, म्हणजे गाईच्या पोटाचा पहिला मोठा कप्पा) चारा आंबताना उष्णता तयार होते. अंग तापलं की मेंदू खाणंच कमी करतो, म्हणजे ही उष्णता घटते. दुपारी कुटार गव्हाणीत तसंच राहतं ते यामुळे. म्हणून कडबा-कुटार सूर्य मावळल्यावर आणि पहाटे टाका, दुपारी सावली आणि गार पाणी भरपूर ठेवा. मोठ्या जनावराला रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण द्या.

खात नाही म्हणून ज्वारीचा भरडा एकदम वाढवू नका. ओटीपोटात आम्ल वाढतं आणि उरलीसुरली भूकही जाते.

तापात रोगप्रतिकारक पेशींचं इंटरल्यूकिन-१ हे रसायन मेंदूला खाणं बंद करायला सांगतं. खाणं उन्हाने सुटलं की तापाने, हे कळायला पहाटे, गार वेळी गुदद्वारात थर्मामीटर लावा. ३९.५ अंश सेल्सिअसच्या वर असेल, किंवा डाव्या कुशीवर मूठ दाबून २ मिनिटांत ओटीपोटाची एकही हालचाल जाणवली नाही, तर पशुवैद्यकाला लगेच बोलवा.