हिरो समोरच्याच फ्लॅटमध्ये राहतो आणि त्याची आई माझी वाचक निघाली

‘मावशी, मी 28 वर्षांची, डोंबिवलीत भाड्याने एकटी राहते. समोरच्या फ्लॅटमध्ये तो आणि त्याची आई. दीड वर्षात लिफ्टमध्ये दोन शब्द आणि एकदा त्याने माझा सिलेंडर लावून दिला, एवढंच. पण मला तो जाम आवडतो. बोलायची हिंमत नाही म्हणून एका ॲपवर टोपणनावाने समोरासमोर राहणाऱ्या दोघांची हलकीफुलकी प्रेमकथा लिहायला घेतली, 14 भाग झाले, लोकांना आवडतेय. परवा त्याची आई डब्यातून गाजर हलवा घेऊन आली आणि म्हणाली, अगं एक मस्त कथा वाचतेय, त्यातला हिरो अगदी आमच्या बाब्यासारखा वेंधळा आहे, तू पण वाच! मला घाम फुटला. त्याला सांगू का? की ॲग्रीमेंट संपतंय तर गुपचूप घर बदलू? – चौथा मजला’

अगं चौथा मजला, तू लिंक पाठवलीस ते बरं केलंस, मी रात्री कुकर लावून वाचायला बसले आणि शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, भाताची पेज झाली. हेल्मेटमध्ये कोथिंबिरीची जुडी नि चार लिंबं ठेवून जिना चढणारा मुलगा, रंगाच्या रिकाम्या बादलीत लावलेला कढीपत्ता, दाराच्या कडीला दुधाची पिशवी अडकवताना दर वेळी किल्ल्या खाली पाडणं... हे काही तू रचलेलं नाहीस. आईने ओळखलं यात नवल काय, कोथिंबीर आणायला तीच पाठवत असणार ना त्याला!

पण तोच हिरो तोंड उघडतो तेव्हा काय म्हणतो? ‘तुझ्या डोळ्यांत मला माझं घर दिसतं.’ डोंबिवली ते सीएसएमटी लोंबकळत जाऊन आलेला माणूस असं बोलत नाही गं, तो ‘आधी पाणी दे’ म्हणतो. आणि खऱ्या माणसाची खरी वाक्यं तूच पत्रात खाली लिहिलीयेस, मी मोजली, तीन आहेत. ‘वर की खाली?’, ‘तुमच्याकडे पाणी आलं का?’ आणि ‘रेग्युलेटर नीट बसलाय ना बघा.’ बघा! म्हणजे तो अजून तुला अहोजाहो करतोय आणि इकडे सातव्या भागात तुम्ही गच्चीवर एका चादरीत कोजागिरीचा चंद्र बघताय. जे डोळ्यांनी पाहिलंस ते सगळं खरं आहे, जे त्याच्या तोंडी घातलंस ते सगळं तुझं आहे. तुझा घोळ एवढाच आहे.

समोरच्या दाराची जादू असतेच, मी नाही म्हणत नाही. अमेरिकेत एमआयटीच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत एक अभ्यास झाला होता, 1950 साली छापून आला, त्यात अगदी शेजारच्या दारातल्यांपैकी 41 टक्के एकमेकांचे जवळचे मित्र निघाले आणि त्याच मजल्याच्या दोन टोकांना राहणारे फक्त 10 टक्के, आणि मधलं अंतर म्हणशील तर जेमतेम 88 फूट. आमच्या गिरगावातल्या चाळीत हे सांगायला अभ्यास लागला नसता, कॉमन गॅलरीत कोण कोणाच्या दारासमोर जास्त वेळ केस विंचरतंय हे अख्ख्या मजल्याला माहीत असायचं (माझंही माहीत होतं, पण तो विषय वेगळा). तुमच्या फ्लॅटला बंद दार आणि पीपहोल, त्यामुळे दिसतं थोडं आणि बाकीचं डोकं भरून काढतं. तुझ्या डोक्याने तर 14 भाग भरले.

आता जरा कान धरते. उलटं करून बघ. त्याने टोपणनावाने तुझ्यावर 14 भाग लिहिले असते, तू कपडे वाळत कधी घालतेस, दुधाची पिशवी कधी उचलतेस सगळं टिपून, तर तुला गोड वाटलं असतं? तू सोसायटीच्या सेक्रेटरीकडे गेली असतीस, आणि बरोबर केलं असतंस. म्हणून आधी 15वा भाग थांबव. मग मागे जाऊन हेल्मेट, बादली, किल्ल्या बदल. जीव तुटेल, मला माहितीये, कथेतल्या सगळ्यात चांगल्या गोष्टी त्याच आहेत, पण त्या त्याच्या आहेत.

त्याला सांगायचं का? सांगायचं, पण कथेने सुरुवात नको. आधी साधा चहा. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर भेटू वगैरे डोक्यात आणू नकोस, तिथे अर्धी सोसायटी नवीन कपडे घालून उभी असते. सरळ विचार, ‘शनिवारी ठाण्याला तलावपाळीला चहा प्यायला येणार का?’ हो म्हणाला तर दोनतीन भेटी होऊ दे, तो खरा कसा बोलतो ते ऐक, आणि मग आईच्या आधी तूच सांग की बाबा असं असं झालंय. हसला तर छान. चिडला तर तेही ऐकून घे, त्याचा हक्क आहे. आणि चहालाच नाही म्हणाला तर विषय संपला, पुढचे पंधरा दिवस लिफ्टमध्ये दोघंही मजल्यांचे आकडे बघाल, मग पाणी जाईल आणि पुन्हा बोलायला लागाल, बिल्डिंगमध्ये असंच असतं.

घर बदलायचं डोक्यातून काढ. 11 महिन्यांचं ॲग्रीमेंट म्हणजे परत ब्रोकर, परत डिपॉझिट, परत नोंदणी (महाराष्ट्रात 11 महिन्यांचं असलं तरी रजिस्टर करावंच लागतं, 1999 च्या भाडे कायद्यात तसं आहे, मालकाने टाळलं असेल तर आधी ते बघ). एवढा खर्च एका चहाच्या भीतीने करायचा? नवीन घरालाही समोर एक दार असणारच.

राहता राहिला काकूंचा डबा, तो अजून तुझ्याकडेच आहे असं लिहिलंयस. रिकामा देऊ नकोस हं, निदान चार वड्या तरी घाल. आणि आठवड्याच्या मधल्या वारी जाऊ नकोस, तेव्हा दार काकूच उघडणार. रविवारी सकाळी जा, तो कोथिंबीर घेऊन वर येतो तेव्हा. तुझ्याच तिसऱ्या भागात वेळ दिलीये, साडेदहा.