वाळूतले जीव पाहायचेत? मग एवढंच सांभाळा

सूक्ष्मदर्शक घेतलात, छान केलंत! आता सॅमॉन, म्हणजे काठच्या ओल्या वाळूत, कणांमधल्या पाण्यात राहणारे जीव, शोधायचे तर नाशिकच्या रामकुंडावर जाऊ नका. तिथे सगळा बांधीव घाट. गंगापूर धरणाच्या वरच्या अंगाला किंवा दारणेकाठी खरी वाळू असेल तिथे जा. नांदूरमध्यमेश्वर अभयारण्य आहे, तिथून परवानगीशिवाय चिमूटभरही उचलायची नाही. पावसाळ्यात तर नदीत उतरूच नका, धरणातून कधीही पाणी सोडतात.

नवखे हमखास चुकतात ते नमुना घेताना. कोरडी वाळू आणतात, नाहीतर पाण्यात खोल हात घालतात. पाण्याच्या कडेची, पाय ठेवला की पाणी वर येते ती ओली वाळू हवी, आणि तीही वरची एक-दोन सेंटिमीटरच. सोबत नदीचंच थोडं पाणी घ्या. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. डबी उन्हात गाडीवर राहू देऊ नका.

घरी आल्यावर:
- नदीच्या पाण्यात वाळू ढवळा, पाच-सात सेकंद थांबा.
- वाळू तळाला बसली की वरचं गढूळ पाणी वाटीत ओता. जीव त्यात असतात.
- थेंब आधी ४० पटीवर बघा. थेट ४०० पटीवर गेलात तर काहीच सापडत नाही.

सळसळत वळवळणारा पारदर्शक दोरा दिसला तर सूत्रकृमी. डोक्याशी दोन चाकं फिरताहेत असं वाटलं तर रोटिफर. तो जरा वेळ बघाच, आक्रसून पुन्हा लांब होतो. बाकी नावं, जाती, मोजणी सध्या राहू द्या.

हात मात्र साबणाने धुवा.