अमेरिकेत बेसबॉल अंपायर होऊन पोट भरता येतं का? नुसतं उभंच तर राहायचं असतं!

'नुसतं उभंच' वाचलं आणि राहवलं नाही. न्यू जर्सीत नऊ वर्षं शनिवार-रविवार पोरांच्या मॅचेसना अंपायरिंग करतोय. प्लेट म्हणजे बॅटरसमोर जमिनीत बसवलेली पांढरी पाटी. तिच्यामागे दर बॉलला वाकून बघायचं, एका मॅचला दीड-दोनशे उठाबशा होतात. जुलैच्या उन्हात छातीवर पॅड, तोंडावर जाळी. या एकदा.

पोट भरायचं असेल तर मेजर लीग, म्हणजे सगळ्यात वरची व्यावसायिक लीग, आणि तिथे पूर्णवेळ अंपायर 76. कुणी निवृत्त झालं तर जागा. त्याआधी फ्लोरिडात प्रशिक्षण, निवड झालीच तर खालच्या मायनर लीगच्या तळापासून तिच्या सगळ्यात वरच्या पायरीपर्यंत, ट्रिपल-ए पर्यंत, वर्षानुवर्षं गावोगाव गाडी हाकायची, तुटपुंज्या पगारावर. जेन पावल 2016 मध्ये मायनरला लागली, मेजरमध्ये उभी राहिली 9 ऑगस्ट 2025 ला. मेजरमधली पहिली बाई अंपायर ती.

पण खरा त्रास पैशाचा नाही, नात्यागोत्यांचा. तीन वर्षांपूर्वी माझ्या साडूंचा मुलगा बॅटिंगला. शेवटची इनिंग, दोन आउट, तीन बॉल दोन स्ट्राइक. म्हणजे न मारलेला बॉल प्लेटवरून नीट आला तर तिसरा स्ट्राइक, आउट; बाहेर गेला तर चौथा 'बॉल', आणि पोरगं फुकट पहिल्या बेसवर. बॉल बाहेरच्या कडेला आला, पोरगं बघत राहिलं, मी हात वर केला, स्ट्राइक. मॅच संपली. पोरगं रडलं. साडू जाळीपाशी येऊन सगळ्यांदेखत म्हणाले, "घरच्यांचा तरी विचार करायचा!"

अहो, प्लेट 17 इंच रुंद. बॉलची कड तिला चाटून गेली तरी स्ट्राइकच. कॅचर, म्हणजे प्लेटमागे बॉल पकडणारा, बारा वर्षांचा, बॉल पकडताना त्याचा ग्लव्ह बाहेर ओढला गेला, म्हणून लांबून बॉल बाहेर वाटला. अंपायरने बॉल प्लेटवर बघायचा असतो, ग्लव्हमध्ये नाही. आता साडू म्हणतात, 2026 पासून मेजरमध्ये खेळाडू डोक्यावर हात आपटून मशीनकडे दाद मागतात, तसं तेव्हा असतं तर! असतं तर मशीननेही आउटच दिला असता.

तेव्हा या धंद्यात यायचं तर नातेवाइकांच्या मॅचेस घेऊ नका. मी घेतली, कारण दुसरा अंपायर आलाच नाही. आणि हो, भारतातून येणार असाल तर आधी व्हिसाचं बघा.

गेल्या दिवाळीत फराळाच्या ताटावर साडूंनी त्या बॉलचा व्हिडिओ पुन्हा काढला. शूटिंग तिसऱ्या बेसच्या बाजूने, म्हणजे प्लेटच्या आडव्या बाजूने, खुर्चीत बसून. तिथून बॉल वर की खाली एवढंच कळतं, आत की बाहेर नाही. शिवाय मध्ये पोराचीच पाठ.