वाचकांचे प्रश्न : वाइडबँड सेन्सरचे व्होल्ट आणि लॅपटॉपवरचा आकडा

प्रश्न : इंजिनाच्या ट्यूनिंगसाठी एक्झॉस्टमध्ये वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर (हवा-इंधन मिश्रण मोजणारा सेन्सर) बसवून त्याच्या कंट्रोलरचा शून्य ते पाच व्होल्टचा आउटपुट मी ईसीयूला (इंजिनाच्या नियंत्रक संगणकाला) जोडला आहे. शून्य व्होल्ट म्हणजे ७.३५ आणि पाच व्होल्ट म्हणजे २२.३९ इतके हवा-इंधन प्रमाण, असे माहितीपत्रकात दिले असून सॉफ्टवेअरमध्येही तेच आकडे भरले आहेत. तरीही गेजवर १४.७ असताना लॅपटॉपवर १५.१ दिसते आणि पूर्ण थ्रॉटलला गेजवर १२.५ असताना लॅपटॉप १२.९ दाखवतो. सॉफ्टवेअरमधले दोन्ही आकडे ०.४ ने कमी केले तर चालेल का?

उत्तर : आकडे जुळतील, पण दोष जागच्या जागी राहील. आपण एकाऐवजी दोन ठिकाणी वाचन घेतले हे फार चांगले झाले, कारण दोषाचे निदान त्या दोन वाचनांतच आहे. ईसीयूला मिश्रण कळत नाही. त्याला फक्त एका पिनेवरचे व्होल्टेज कळते आणि तेही त्याच्या स्वतःच्या अर्थच्या (अर्थिंगच्या, म्हणजे शून्य व्होल्ट धरलेल्या जोडणीच्या) तुलनेत. गेजला मात्र कंट्रोलरकडून तोच आकडा बहुधा डिजिटल रूपात मिळतो, त्यामुळे त्याच्या वाटेत अर्थचा प्रश्न येत नाही. दोन्ही ठिकाणी फरक सारखाच, म्हणजे ०.४ येतो, म्हणजेच व्होल्टवरून प्रमाण काढणाऱ्या आपल्या रेषेचा उतार बरोबर आहे आणि संपूर्ण रेषाच वर सरकली आहे.

ती किती सरकली आहे हे काढता येते. २२.३९ मधून ७.३५ वजा करून पाचाने भागल्यास प्रत्येक व्होल्टमागे ३.००८ इतका फरक मिळतो, ०.४ ला त्याने भागले की ०.१३ व्होल्ट येतात. म्हणजे कंट्रोलरचा अर्थ ईसीयूच्या अर्थपेक्षा सुमारे १३० मिलिव्होल्ट वर आहे. हे कसे घडते, तर सेन्सरचा हीटर आणि आउटपुटचा सिग्नल हे दोघे एकाच अर्थच्या वायरीवर विसंबलेले असतात. थंड सेन्सर तापवताना हीटर एक-दोन अँपिअर सहज ओढतो आणि बॉडीला लावलेल्या गंजक्या रिंगेत ०.१३ ओहम इतका क्षुल्लक रोध असला, तरी एका अँपिअरला एवढाच फरक पडतो. हा फरक हीटरच्या प्रवाहाबरोबर बदलत राहतो, म्हणूनच सॉफ्टवेअरमध्ये ०.४ वजा करून तो कायमचा मिटत नाही.

खात्रीसाठी मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून त्याची एक कांडी कंट्रोलरच्या अर्थला आणि दुसरी ईसीयूच्या सेन्सर-अर्थला लावावी. इंजिन चालू ठेवून आधी असेच वाचन घ्यावे, मग हेडलाइट आणि रेडिएटरचा पंखा चालू करून पुन्हा घ्यावे. आकडा हलला, तर वायरिंगकडेच पाहायला हवे. कंट्रोलरचा अर्थ ईसीयूचा मुख्य अर्थ जिथे इंजिन ब्लॉकला बसवला आहे तिथेच, स्वच्छ घासलेल्या धातूवर न्यावा. कंट्रोलरला सिग्नलसाठी वेगळा अर्थ दिलेला असेल तर तो ईसीयूच्या सेन्सर-अर्थला जोडावा, पण हीटरचा अर्थ तिथे कधीही नेऊ नये. त्या बारीक वायरीवर तापमानमापक आणि थ्रॉटलचा सेन्सरही अवलंबून असतात आणि हीटरचा प्रवाह त्या सगळ्यांचेच वाचन बिघडवतो.

आपल्या बाबतीत चूक निदान सोयीच्या दिशेने आहे. सॉफ्टवेअरला मिश्रण आहे त्यापेक्षा लीन (कमी इंधनाचे) दिसते, म्हणून ऑटोट्यून, म्हणजे सेन्सरच्या वाचनावरून इंधन आपोआप जुळवणारी सोय, इंधन वाढवते आणि इंजिन हवे त्यापेक्षा थोडे रिच (जास्त इंधनावर) चालते. अर्थमधला फरक उलट दिशेचा असता, तर पूर्ण भाराखाली, विशेषतः टर्बोच्या इंजिनात, लीन मिश्रणाची किंमत पिस्टनला मोजावी लागली असती. वायरिंग सुधारेपर्यंत ऑटोट्यून बंदच ठेवावे.

प्रश्न : माझ्या सॉफ्टवेअरच्या यादीत माझ्या कंट्रोलरचे नाव नव्हते, म्हणून शून्य व्होल्टला १० आणि पाच व्होल्टला २० हा पर्याय निवडला. कंट्रोलरचा खरा पट्टा ७.३५ ते २२.३९ आहे. आयडलला (थ्रॉटल न देता इंजिन नुसते चालू असताना) गेजवर १४.७ आणि लॅपटॉपवर १४.९ दिसते, म्हणजे जवळजवळ बरोबर आहे. एवढा फरक दुर्लक्ष करण्याजोगा आहे ना?

उत्तर : नाही, आणि वरच्या प्रश्नातल्या चुकीपेक्षा ही चूक अधिक फसवी आहे. आपल्या दोन रेषा २.६३ व्होल्टच्या आसपास, म्हणजे १५.३ च्या जवळ एकमेकींना छेदतात. आयडलचे वाचन या छेदनबिंदूच्या शेजारीच येत असल्यामुळे सगळे ठीक वाटते. आता भाराखाली काय होते ते पाहा. खरे प्रमाण १२.० असताना कंट्रोलर १.५५ व्होल्ट देतो. आपले सॉफ्टवेअर त्याला दोनाने गुणून त्यात दहा मिळवते आणि १३.१ दाखवते. खरे प्रमाण ११.५ असेल तर लॅपटॉपवर १२.८ दिसते. आपण १२.५ चे लक्ष्य ठेवून ट्यूनिंग केले असेल, तर इंजिन प्रत्यक्षात ११.१ वर चालत आहे आणि जादा इंधन सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन काढत आहे. एका बिंदूवर आकडे जुळले म्हणजे कॅलिब्रेशन झाले, हा या कामातला सर्वात सामान्य गैरसमज असावा.

बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये यादीतली नावे सोडून दोन व्होल्टेजे आणि त्यांची दोन प्रमाणे स्वतः भरण्याची सोय असते, ती वापरावी. आकडे माहितीपत्रकातूनच घ्यावेत, कारण एकाच निर्मात्याच्या जुन्या आणि नव्या कंट्रोलरचे पट्टेही वेगळे असू शकतात. काही कंट्रोलर पूर्ण पाच व्होल्ट न वापरता ०.५ ते ४.५ व्होल्टमध्येच खरे वाचन देतात, उदाहरणार्थ ०.५ ला ८.५ आणि ४.५ ला १८. ही रचना मला अधिक शहाणपणाची वाटते, कारण त्या पट्ट्याबाहेरचे व्होल्टेज दिसले की वायर तुटली आहे, सेन्सर अजून तापलेला नाही किंवा त्यात दोष आहे, हे सॉफ्टवेअरला ओळखता येते.

आकडे भरल्यावर पडताळणी करावी. कंट्रोलर प्रोग्राम करता येत असेल, तर त्याच्या आउटपुटच्या दोन्ही टोकांना एकच व्होल्टेज भरावे; मग मिश्रण काहीही असले तरी तो स्थिर व्होल्टेज देतो. आधी एक आणि नंतर चार व्होल्ट ठेवून सॉफ्टवेअरमधले कच्चे व्होल्टेज त्या भरलेल्या व्होल्टेजशी ताडून पाहावे. दोन्हीकडे सारखाच फरक आला तर तो अर्थचा असतो. एका टोकाला कमी आणि दुसऱ्या टोकाला जास्त फरक येत असेल, तर बहुधा ईसीयूच्या त्या पिनेवर आतून एखादा रोधक जोडलेला असतो. तापमानमापकासाठी राखलेली पिन वाइडबँडला वापरली की हमखास असे होते, कारण तिच्यातला पुल-अप रोधक व्होल्टेज वर ओढतो. अशा वेळी पिन बदलणे हाच सरळ मार्ग आहे. ईसीयूच्या सूक्ष्मतेची चिंता मात्र करू नये. व्होल्टेजचे आकड्यात रूपांतर करणारा दहा बिटांचा साधा परिवर्तकसुद्धा पाच व्होल्टचे १०२४ भाग करतो आणि आपल्या पट्ट्यावर एक पायरी जेमतेम ०.०१५ इतकी येते.

प्रश्न : मोकळ्या हवेतले कॅलिब्रेशन केले की व्होल्टचे कॅलिब्रेशन आपोआप होते का?

उत्तर : होत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाइडबँड सेन्सरमध्ये एक मापक कोष असतो आणि एक पंप कोष. मापक कोषाचे व्होल्टेज ४५० मिलिव्होल्टवर टिकवण्यासाठी पंप कोषातून ऑक्सिजन आत किंवा बाहेर न्यावा लागतो आणि त्यासाठी लागणाऱ्या प्रवाहावरून कंट्रोलर लॅम्डा, म्हणजे प्रत्यक्ष हवा-इंधन प्रमाण भागिले त्या इंधनाचे आदर्श प्रमाण, काढतो. लॅम्डा १ ला हा प्रवाह शून्य असतो. मोकळ्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो हे माहीत असल्यामुळे, जुना होत चाललेला सेन्सर किती मागे पडला आहे हे कंट्रोलरला तिथे ताडून घेता येते. कंट्रोलरमधून निघालेला आकडा ईसीयूपर्यंत नीट पोचतो की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही.

ज्या कंट्रोलरला ही क्रिया सांगितलेली आहे, त्याच्या बाबतीत सेन्सर नळीतून पूर्ण बाहेर काढावा, तापू द्यावा आणि जिथे नुकतेच इंजिन चालवले आहे अशा बंद गॅरेजमध्ये हे करू नये. काही कंट्रोलर या क्रियेशिवाय चालतात. बॉशच्या एलएसयू ४.९ सारख्या सेन्सरमधून पाच वायरी निघतात, पण कनेक्टरला सहा पिना असतात. कारखान्यात त्या विशिष्ट सेन्सरसाठी जुळवलेला रोधक कनेक्टरमध्येच बसवलेला असतो. म्हणून वायर लांबवण्यासाठी तो कनेक्टर कापून टाकू नये. आणि सेन्सर एक्झॉस्टमध्ये असताना त्याचा हीटर बंद ठेवून इंजिन चालवू नये; काजळी बसून तो लवकर निकामी होतो.

प्रश्न : दहा टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचे आदर्श प्रमाण १४.१ असते. मग सॉफ्टवेअरच्या तक्त्यात १४.७ च्या जागी १४.१ धरून आकडे बदलावेत का?

उत्तर : एकाच ठिकाणी बदलल्यास घोटाळा होईल. सेन्सरला लॅम्डा कळतो, प्रमाण नव्हे. कंट्रोलर त्या लॅम्डाला आत ठरलेल्या आकड्याने, साधारणपणे १४.७ ने, गुणतो आणि गेजवर दाखवतो. म्हणून इंधन कोणतेही असले तरी लॅम्डा १ ला गेजवर १४.७ च येते. आता व्होल्टचा तक्ता १४.७ च्या मापाने भरलेला ठेवून सॉफ्टवेअरला इंधनाचे आदर्श प्रमाण १४.१ सांगितले, तर सॉफ्टवेअर १४.७ ला १४.१ ने भागून लॅम्डा १.०४ समजेल आणि चार टक्के जादा इंधन देईल. सॉफ्टवेअरमध्ये लॅम्डाचा पर्याय असेल तर तक्ता आणि लक्ष्ये दोन्ही लॅम्डातच भरावीत. वरच्या उदाहरणातल्या कंट्रोलरसाठी शून्य व्होल्टला ०.५ आणि पाच व्होल्टला १.५२३ येतात आणि पूर्ण भाराचे १२.५ हे लक्ष्य ०.८५ होते.